मुठ्याचा पैलवान, शहरातली तालीम

2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली आणि मुळशी तालुक्यातल्या मुठा गावच्या पृथ्वीराज मोहोळने गदा खांद्यावर घेतली. ही गदा कुस्तीचे संघटक मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाते आणि मामासाहेबही मुळशीचेच. त्यामुळे मुळशीकरांना तो दिवस सणासारखा वाटला, यात नवल नाही. मात्र या आनंदात एक साधी गोष्ट नजरेआड झाली. पृथ्वीराज ज्या तालमीचा मल्ल म्हणून आखाड्यात उतरला, ती खालकर तालीम पुणे शहरात आहे. रक्त मुळशीचे, शेत मुळशीचे, घराण्यातली पैलवानकीही मुळशीची. पण पोराला घडवायची वेळ आली की शहराची वाट धरावी लागते. ज्या तालुक्याचे नाव कुस्तीशी इतके जोडलेले आहे, तिथल्या मुलाला घडण्यासाठी गाव का सोडावे लागते? माझे उत्तर असे की आपण पैलवानाला पेशा दिला, वस्तादाला दिला नाही. शिकवणाऱ्याला जोवर आयुष्यभराचे स्थिर काम मिळत नाही, तोवर गदा एखाद्या वर्षी गावात येईल, पण कुस्ती गावात राहणार नाही.

पैलवानासाठी महाराष्ट्राने काहीच केले नाही, असे कोणी म्हणू नये. 2017 च्या डिसेंबरात मुळशीतल्याच भूगावला महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन भरले, अभिजित कटकेने किरण भगतला हरवले, आणि तालुक्याने ती स्पर्धा अंगावर घेऊन पार पाडली. अलीकडच्या वर्षांत विजेत्याला रोख रकमेबरोबर थार गाडी मिळू लागली आहे. 2005 पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे हे कुस्तीच्या जोरावर पोलीस उपअधीक्षक झाले. जुन्या नामवंत मल्लांना शासनाचे मासिक मानधन आहे. हे सगळे योग्यच आहे. पण या यादीत प्रत्येक ओळ जिंकणाऱ्याची आहे. पहाटे चारला तालमीचे दार उघडणारा, बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या मानेवर हात ठेवून त्याला उभे राहायला शिकवणारा, त्याचा खुराक, झोप आणि शाळा यांच्यावर नजर ठेवणारा माणूस या यादीत नाही. त्याच्यासाठी राज्याचा मार्गदर्शक पुरस्कार आहे आणि 1985 पासून केंद्राचा द्रोणाचार्य आहे. पण पुरस्कार हा शेवटी केलेला सत्कार असतो. त्यावर महिन्याचे घर चालत नाही, आणि तो मिळतो तोही शिष्याने मोठे पदक आणल्यावरच.

वस्तादाने खरोखर किती फरक पडतो, हे पाहायला महाराष्ट्रातच एक लांब साखळी आहे. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्याचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि 1970 च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पुढे ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले. त्यांच्या हाताखाली काका पवार घडले, अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले आणि मग स्वतः शिकवायला बसले. बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे आधी बिराजदारांचा पठ्ठा; 2011 मध्ये बिराजदार गेले आणि तो काका पवारांकडे राहिला. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 57 किलो गटात सुवर्ण जिंकले आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. एडिंबरा ते गोल्ड कोस्ट हे अंतर 48 वर्षांचे. इतक्या वर्षांत नियम बदलले, तालमीत मातीच्या जोडीला मॅट आली, वजनगट बदलले. टिकली ती एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला दिलेली विद्या. 2020 च्या जानेवारीत बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. 2023 मध्ये कोथरूडला शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले, तेव्हाही तेच.

यावर कोणी म्हणेल, नावाजलेल्या तालमीत मुळातच चांगली पोरे जातात, मग श्रेय वस्तादाचे कसे? शंका रास्त आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण ती पुढे नेली तर माझ्याच म्हणण्याला बळ मिळते. नाशिक, लातूर, सोलापूर आणि पुण्यातला खेड तालुका इथली पोरे घरदार सोडून एका दारात का येतात? कारण त्यांच्या गावात अंगात कस असलेली पोरे असतात, तालमीची खोलीही बहुधा असते, नसतो तो रोज उभा राहणारा जाणता माणूस. जी पोरे घर सोडू शकतात, ज्यांच्या बापाला शहरातला खुराक आणि खोलीचे भाडे परवडते, ती तिथवर पोहोचतात. बाकीची गावातच राहतात आणि त्यांच्यात कोण काय होऊ शकले असते हे कोणाला कधी कळत नाही. एकाच तालमीत सगळा महाराष्ट्र गोळा होणे हे त्या वस्तादाचे मोठेपण आहेच, पण बाकीच्या महाराष्ट्रातल्या टंचाईचाही तो पुरावा आहे.

खाशाबा जाधवांची कहाणी आपण नेहमी जिद्दीची कहाणी म्हणून सांगतो. ती शिकवणाऱ्याचीही कहाणी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा मॅटची त्याला सवय नव्हती आणि आंतरराष्ट्रीय नियमही परके होते. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्याला मार्गदर्शन केले आणि खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. 1952 चे ते कांस्यपदक म्हणजे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या पदकामागे मातीतले गुरू होते, परदेशातला एक प्रशिक्षक होता आणि एका कॉलेजचा प्राचार्य होता. म्हणजे शिक्षणसंस्था आणि आखाडा एकत्र आले तेव्हा हे घडले. ही गाठ पुढे पक्की व्हायला हवी होती, पण ती त्या प्राचार्यांच्या वैयक्तिक मोठेपणापुरतीच राहिली.

शाळा-कॉलेज आणि खेळाचा गुरू यांची गाठ पक्की बांधली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते, तेही आपल्याला पूर्ण अपरिचित खेळात. जॉन गॅग्लिआर्डी हे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक. 1943 मध्ये कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावात ते हायस्कूलमध्ये शिकत होते, वय सोळा. संघाचे प्रशिक्षक युद्धावर गेले आणि या पोरानेच संघ हाती घेतला. हायस्कूलनंतर माँटानातले कॅरोल कॉलेज आणि 1953 पासून मिनेसोटातले सेंट जॉन्स. तिथे ते 2012 पर्यंत, म्हणजे साठ मोसम राहिले. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर 489 विजय होते. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे कोणाचेच नाहीत. त्यांची रीतही वेगळी होती. सरावात शिट्टी नाही, एकमेकांना आदळून पाडणे नाही, सराव दीड तासाच्या आत आटोपायचा, खेळाडूंनी त्यांना नुसते जॉन म्हणायचे आणि संघातून कोणालाही काढून टाकायचे नाही. सेंट जॉन्स ज्या श्रेणीत खेळते तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. म्हणजे त्यांच्याकडे येणारी मुले शिकायला आलेली असत आणि त्यातून खेळत. आखाड्यातल्या माणसाला यात परके वाटण्यासारखे फारसे नाही. एका जागी आयुष्य काढणे, आलेल्या पोराला परत न पाठवणे हे आपले जुने वस्तादही करत आले. फरक एवढाच की गॅग्लिआर्डींना दर महिन्याला कॉलेजचा पगार होता. आपल्या पद्धतीवर वर्षानुवर्षे प्रयोग करायला, हरलेल्या मोसमानंतरही शांत झोपायला हा पगार लागतो.

हाच खेळ आपल्याकडे उलट्या बाजूने आला आणि त्यातूनही हाच धडा मिळतो. 2011 मध्ये भारतात अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग जाहीर झाली. अमेरिकेतले नामांकित खेळाडू आणि प्रशिक्षक तिच्या गुंतवणूकदारांत होते. 2012 च्या पहिल्या मोसमाचे विजेतेपद पुणे मराठाज या संघाने पटकावले. आज पुण्यातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर हा खेळ रुजलेला दिसत नाही. संघ होता, नाव होते, गुंतवणूक होती. शाळेत तो शिकवणारा माणूस नव्हता. अमेरिकेत या खेळाची मुळे गावोगावच्या हायस्कुलांत आहेत आणि तिथे प्रशिक्षक बहुधा शाळेतलाच शिक्षक असतो; इतिहास किंवा गणित शिकवून तो संध्याकाळी मैदानावर येतो. पैशाने स्पर्धा एका मोसमात उभी करता येते. खेळ रुजायला पोरांची एक पिढी मोठी व्हावी लागते, आणि तेवढा काळ एका जागी टिकणारा माणूस लागतो.

मुळशीत हा प्रश्न कुस्तीपुरता उरत नाही. या तालुक्याची जमीन शंभर वर्षांत दोनदा हलली. 1921 ते 1924 या काळात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह केला. मावळ्यांची शेते पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. पुढे शतकाच्या शेवटाला हिंजवडी आणि माण इथे आयटी पार्क आले, पिरंगुटला कारखाने आले, लवळे, सूस, भूगाव इथे विद्यापीठे आणि गृहसंकुले आली. पहिल्या वेळी जमीन गेली आणि हाती फार थोडे आले. दुसऱ्या वेळी जमीन गेली आणि अनेकांच्या हाती एकदम पैसा आला. शेतीने बांधून ठेवलेला दिवस मोकळा झाला. 2018 च्या प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने जमीन गेलेल्या घरातला पोरगा गुन्हेगारीत कसा ओढला जातो हे पडद्यावर मांडले, आणि तालुक्याचे नाव त्या एका अर्थाने महाराष्ट्रभर झाले. ते नाव इथल्या कष्टकरी माणसांवर अन्याय करणारे आहे; पण प्रश्न खोटा नाही. बारा ते अठरा या वयात अंगात ताकद येते, ती कुठे लावायची हे सांगणारे कोणीतरी लागते. बापाचे ऐकण्याचे ते वय नसते. वस्तादाचे ऐकण्याचे असते. तालमीत ताकदीला नियम असतो, जोडीदाराला इजा न करता चितपट करायचे असते आणि हरल्यावर उठून त्याच्याच हाताला हात लावायचा असतो. हे वळण अंगी लागायला वर्षे जातात. जिथे इतके काही इतक्या वेगाने बदलले, तिथे त्या वर्षांत पोरासमोर रोज तोच माणूस उभा असणे ही छोटी गोष्ट नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप कुस्तीच्या घरातूनच येतो. वस्तादकी ही सेवा आहे, ती पगारावर आणली की गुरू नोकर होईल आणि निष्ठा जाईल, असे पुष्कळांना मनापासून वाटते. या भावनेचा मी आदर करतो, पण इतिहास तिच्या बाजूने नाही. कोल्हापूरची कुस्ती शाहू महाराजांच्या आश्रयावर उभी राहिली. त्यांनी तालमी बांधल्या, मल्लांना आणि वस्तादांना पोसले, खासबागचे मैदान उभारले. ते 1912 मध्ये सुरू झाले. त्या वस्तादांची निष्ठा दरबाराच्या शिध्यामुळे कमी झाली, असे कोणी म्हणत नाही. संस्थाने गेली तेव्हा निष्ठा राहिली आणि आश्रय गेला. त्यानंतरच्या वस्तादाने शेती पाहिली, दुधाचा धंदा केला किंवा गावातल्या बड्या माणसाच्या मेहेरबानीवर तालीम चालवली. मेहेरबानी ही पगारापेक्षा जास्त बांधून ठेवते. पगार देणारी संस्था वस्तादाला निवडणुकीत माणसे आणायला सांगू शकत नाही. मेहेरबानी करणारा सांगू शकतो. वस्तादाचा मान राखायचा असेल, तर त्याला हक्काचे मिळाले पाहिजे.

दुसरा आक्षेप अमेरिकेच्या उदाहरणावरच आहे, आणि तो जड आहे. तिथल्या मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल प्रशिक्षकाचा पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्याही वर जातो. अनेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी कर्मचारी राज्यपाल नसून एखाद्या विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो. मुलांच्या डोक्याला होणाऱ्या इजांवर तिथे वर्षानुवर्षे वाद चालला आहे. जिंकण्याच्या दबावाखाली शिक्षण मागे पडते. हे सगळे खरे आहे. म्हणूनच मी उदाहरण गॅग्लिआर्डींचे घेतले, मोठ्या विद्यापीठाचे नाही. त्यांनी सरावातली आदळआपट बंद केली, कोणाला वगळले नाही, आणि तरीही सर्वाधिक जिंकले. अमेरिकेकडून घ्यायचे ते आकडे नव्हेत. शाळेतला प्रशिक्षक हे एक पद असते, त्याला वेळापत्रकात जागा आणि शिक्षकाइतकाच मान असतो, एवढे घेतले तरी पुरे. कोटींचा पगार नको. माध्यमिक शिक्षकाइतका हवा.

तिसरा आक्षेप शास्त्राचा. जुन्या वस्तादाला मातीतली कुस्ती येते. आंतरराष्ट्रीय कुस्ती मॅटवर, गुणांवर आणि सहा मिनिटांच्या घड्याळावर चालते. मग पद द्यायचे ते पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेतलेल्या तरुणाला की गावच्या वस्तादाला? हा पर्याय खोटा आहे, असे मला वाटते. पदविका घेऊन आलेल्या तरुणाला गावातले पोर कुठल्या घरातले आहे, कोणाचे ऐकते, त्याच्या घरात काय चालले आहे हे ठाऊक नसते. वस्तादाला आहार, दुखापत आणि आधुनिक नियम शिकता येतात. 1961 पासून देशात त्यासाठी संस्था आहे, आणि म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल तर मुळशीच्या दारात आहे. ते संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. तिथे तालुक्यातल्या वस्तादांसाठी दरवर्षी पूर्ण भत्त्यासह प्रशिक्षणवर्ग झाला, तर माती आणि मॅट यांच्यातले अंतर काही वर्षांत मिटेल. आज तो वर्ग करायचा तर वस्तादाने स्वतःचा धंदा बंद ठेवून जायचे, हे त्याच्याकडून मागणे अन्यायाचे आहे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर. गुरूला इतका अधिकार द्यावा का? 2023 मध्ये देशातल्या नामवंत महिला मल्लांना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले. त्यानंतर कोणत्याही आखाड्यातल्या अधिकाराविषयी भाबडेपणा ठेवणे शक्य नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली; म्हणजे मुली आखाड्यात आल्या आहेत आणि येत राहणार आहेत. पण हा आक्षेप पद नाकारण्याचे कारण ठरत नाही, तो पद निर्माण करण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. ज्याची नेमणूक नाही, त्याची चौकशी कोण करणार? वस्ताद शाळेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या पटावर आला, तर त्याची पार्श्वभूमी तपासता येते, तक्रार समितीच्या कक्षेत तो येतो, पालकांना दाद मागायला कार्यालय मिळते. मुलींच्या तालमीत महिला प्रशिक्षक असली पाहिजे ही अटही पदालाच घालता येते. परंपरेला घालता येत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शंभरपेक्षा जास्त पटाच्या उच्च प्राथमिक शाळेला शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. अंशकालीन या शब्दातच अडचण आहे. अर्धवेळ माणूस पहाटेची तालीम सांभाळू शकत नाही. पण पाच-सहा शाळा मिळून एक पूर्णवेळ वस्ताद नेमला, सकाळ-संध्याकाळ तालीम आणि दिवसा शाळांतले खेळाचे तास, तर हिशेब जुळतो. मुळशीपुरते तर आणखी एक दार उघडे आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेले आहे. हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे. ज्या गावांच्या जमिनीवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या गावांतल्या वस्तादांचा दहा-दहा वर्षांचा पगार त्या इमारतींतून येणे हा उपकार ठरणार नाही. एका दिवसाच्या मैदानाला इनाम देऊन फलक लावण्यापेक्षा हे कमी दिसणारे, पण जास्त टिकणारे काम आहे.

यातून दरवर्षी महाराष्ट्र केसरी निघेल का, असे विचारले तर उत्तर नाही असेच द्यावे लागेल, आणि ते देताना संकोचही नको. गॅग्लिआर्डींच्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी पुढे फुटबॉलवर पोट भरले नाही. तरीही कॉलेजने साठ मोसम त्यांना ठेवले. तालमीचेही तसेच आहे. पन्नास पोरे माती अंगाला लावतात, त्यांतले चार जिल्ह्यापर्यंत जातात, एखादा राज्यापर्यंत. उरलेली पुढे शेती करतात, रिक्षा चालवतात, कंपनीत लागतात, संसार करतात. गदा एकाच्याच घरी जाते. बाकीच्या पोरांना तालमीतून जन्मभर पुरेल असे जे मिळते, ते देणारा वस्ताद असतो, आणि म्हणून त्याचे घर चालवणे हे गावाचे काम आहे.